ब्रेकबीट आणि यूके बेस: नव्या रेकॉर्ड कशा ऐकाव्यात, निवडाव्यात आणि विकत घ्याव्यात

ब्रिटनमधील क्लबांसाठी तयार होणारे ब्रेकबीट संगीत (जुन्या रेकॉर्डमधल्या ड्रमच्या तुकड्यांवर उभे राहिलेले) आणि ज्याला ढोबळमानाने 'यूके बेस' म्हटले जाते ते संगीत दर आठवड्याला इतके प्रसिद्ध होत असते, की या वाटेला नव्याने आलेल्या श्रोत्याला नेमके कोठून सुरू करावे हेच कळत नाही. स्ट्रीमिंगच्या प्लेलिस्ट उघडल्या तर चार चांगले ट्रॅक हाती लागतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय हे त्यातून उमगत नाही आणि महिन्याभरात उत्साह ओसरतो. हे टाळायचे असेल तर सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी लागते. यातला बहुतेक ट्रॅक खुर्चीत बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकण्यासाठी रचलेला नसतो. डीजेने तो दुसऱ्या ट्रॅकमध्ये मिसळावा आणि छातीला हादरा देणाऱ्या मोठ्या स्पीकरमधून वाजवावा, या हिशेबाने तो रचलेला असतो. सुरुवातीचा मिनिटभर नुसता ठेकाच का चालतो, शब्द इतके कमी का असतात, अल्बमऐवजी दोन-चार ट्रॅकच्या छोट्या रेकॉर्डच जास्त का निघतात, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे तिथेच आहेत आणि पुढच्या पायऱ्याही त्याच आधारावर लावल्या आहेत.

पहिली पायरी: खर्ज ऐकू येईल अशी सोय करावी

या संगीतातला बेस पुष्कळदा ३० ते ६० हर्ट्झच्या टप्प्यात फिरत असतो. मोबाइलचा स्पीकर त्या टप्प्यात जवळजवळ मुका असतो आणि छोट्या ब्लूटूथ स्पीकरची गतही फारशी वेगळी नसते. म्हणजे मोबाइलवर ऐकणाऱ्याच्या कानावर वरची थाळी (सिंबल), स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि एखादा तुटक आवाज एवढेच पडते, आणि ज्या चालीवर सारा ट्रॅक उभा आहे ती चाल त्याला ऐकूच येत नाही. 'यात काहीच घडत नाही' ही नव्या श्रोत्यांची नेहमीची तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते. कान पूर्ण झाकणारा, साधा तारेचा हेडफोन घेतला तरी सुरुवातीला पुरतो. मोबाइलमधले 'बेस बूस्ट' मात्र बंद ठेवावे, कारण त्याने खालचे सगळे स्वर सारखेच फुगतात आणि त्यांच्यातला फरक पुसला जातो. सोय नीट झाली की नाही हे तपासण्याची एक खात्रीची रीत आहे: ट्रॅक संपल्यावर बेसची चाल गुणगुणून पाहावी. ती गुणगुणता आली तर पुढे जावे.

खर्जाला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९४८ नंतरच्या दशकांत कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या लोकांनी आपली साउंड सिस्टिमची परंपरा लंडन, ब्रिस्टल, बर्मिंगहॅम अशा शहरांत रुजवली. स्वतः बांधलेल्या प्रचंड स्पीकरपेट्या, त्यावर वाजणारी आणि इतर कोणाकडे नसलेली रेकॉर्ड, आणि गर्दीने जल्लोष केला की सुई उचलून तीच रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावणे, ही सारी रीत तिथून आली. जंगल, गराज, डबस्टेप या पुढच्या सर्व शाखांनी ती जशीच्या तशी उचलली.

दुसरी पायरी: ब्रेक कानाने उलगडावा

घाईने ओलांडू नये अशी पायरी कोणती, असे विचारले तर मी हीच सांगेन. ब्रेक म्हणजे जुन्या फंक किंवा सोल रेकॉर्डमधला तो छोटा तुकडा, जिथे बाकीची वाद्ये थांबतात आणि ड्रम एकटाच वाजतो. १९७३ पासून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, मूळच्या जमैकन असलेल्या डीजे कूल हर्क यांनी एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवून हा तुकडा लांबवत नेला आणि त्यातून हिप-हॉपचा पाया घातला गेला. ब्रिटनमधल्या रेव्ह पार्ट्यांसाठी संगीत करणाऱ्यांनी १९९० च्या आसपास हेच तुकडे सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणाऱ्या यंत्रात) भरले, त्यांचा वेग वाढवला, त्यांचे बारीक काप केले आणि ते काप नव्या क्रमाने जोडले. त्यातून आधी हार्डकोअर आणि १९९३-९४ पर्यंत जंगल उभे राहिले.

या सगळ्यात सर्वाधिक वापरला गेलेला तुकडा म्हणजे 'आमेन ब्रेक'. तो 'द विन्स्टन्स' या अमेरिकन बँडच्या 'आमेन, ब्रदर' या १९६९ च्या रेकॉर्डमधला आहे, ड्रमर ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेला आहे आणि जेमतेम सात सेकंदांचा आहे. मूळ रेकॉर्ड शोधून तेवढाच भाग पुन्हा पुन्हा ऐकावा आणि प्रत्येक आवर्तनाच्या चार मात्रा बोटांवर मोजाव्यात. पहिल्या दोन आवर्तनांत स्नेअरचा जोरकस आघात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेत हलक्या हाताने वाजवलेले बारीक स्नेअर ऐकू येतात. ठेक्याला पुढे ढकलतात ते हेच बारीक आघात. तिसऱ्या आवर्तनात चौथ्या मात्रेवर अपेक्षित असलेला स्नेअर अर्धी मात्रा उशिरा येतो आणि ऐकणाऱ्याचा पाय हवेतच राहतो. चौथ्या आवर्तनात तर पहिल्या मात्रेवर किकच (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) नाही, आणि साडेतीनव्या मात्रेच्या जागी, म्हणजे तिसरी आणि चौथी यांच्या बरोबर मध्ये, थाळीचा मोठा झणत्कार येतो. चार आवर्तनांत एवढे घडते, आणि म्हणूनच त्याचे काप करून वेगवेगळ्या क्रमाने लावणाऱ्याला त्यात इतकी दशके पुरेल एवढे साहित्य सापडले.

याच संदर्भात एक गोष्ट नव्या श्रोत्याला ठाऊक असायलाच हवी. या सात सेकंदांवर हजारो रेकॉर्ड निघाल्या, पण कोलमन यांना त्याचा एक पैसाही मिळाला नाही. ते २००६ मध्ये वारले, तेव्हा त्यांना राहायला घरही नव्हते. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २०१५ मध्ये ब्रिटनमधून लोकवर्गणीने जमवलेले सुमारे २४,००० पौंड मिळाले. संगीत विकत घेण्याविषयी पुढे जे आग्रहाने लिहिले आहे, त्यामागे ही हकिकत आहे.

एकदा आमेन कानात बसला की नव्या रेकॉर्डची पारख सोपी होते. आज निघणाऱ्या ब्रेकबीटमधला मोठा भाग १९९० च्या दशकाकडे पाहून केलेला असतो, आणि त्यातला काही नुसता नकलेवरच थांबतो: तयार सॅम्पल-संचातला ब्रेक उचलून सहा मिनिटे तसाच फिरवलेला, वर सिंथेसायझरचा एक ओळखीचा सूर. चांगल्या निर्मात्याच्या हातात दर आठ किंवा सोळा आवर्तनांनी ब्रेकचा काप बदलतो, एखादा स्नेअर मुद्दाम गाळला जातो, बारीक आघातांची जागा हलते. हा फरक हेडफोनवर पाच-सहा वेळा ऐकल्याखेरीज कळत नाही, म्हणून पहिल्याच ऐकण्यात रेकॉर्डला नापास करू नये आणि डोक्यावरही घेऊ नये.

तिसरी पायरी: वेग मोजावा

पंधरा सेकंदांत किती मात्रा पडतात ते मोजून चाराने गुणावे. ३३ मात्रा आल्या तर ट्रॅक १३२ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १३२ मात्रांचा आहे. यूके गराज १३० ते १३५ च्या आसपास, यूके फंकी १३० च्या जवळ, डबस्टेप १४० वर, जंगल १६० ते १७० आणि ड्रम अँड बेस १७४ च्या आगेमागे, एवढा अंदाज कामचलाऊ आहे. डबस्टेपमध्ये स्नेअर इतका विरळ पडतो की वेग ७० वाटतो, पण वरच्या थाळीवर तो १४० ने चाललेला असतो. तबल्यातली दुगुन ठाऊक असलेल्या मराठी श्रोत्याला हे चटकन उमगते. 'यूके बेस' हे नाव मात्र कोणत्याही एका वेगाचे नाही. २००९-१० च्या सुमारास डबस्टेपमधून आलेल्या अनेकांनी वेग १३० पर्यंत उतरवला आणि गराज, हाउस, टेक्नो यांची सरमिसळ सुरू केली, तेव्हा त्या सर्वांना एका छत्राखाली आणायला हे नाव वापरले जाऊ लागले. त्यामुळे एखादी रेकॉर्ड 'खरोखर' यूके बेस आहे का या वादात नव्या माणसाने वेळ घालवू नये.

चौथी पायरी: कलाकाराआधी लेबल पाहावे

इथे कलाकार नाव बदलतात, दोन-तीन टोपणनावांनी रेकॉर्ड काढतात, वर्षभर गप्प बसतात. लेबल, म्हणजे रेकॉर्ड प्रसिद्ध करणारी संस्था, मात्र बहुधा एका-दोन डीजेंच्या आवडीवर चालते आणि ती आवड वर्षानुवर्षे टिकून राहते. म्हणूनच नव्या रेकॉर्डचा माग काढायचा तर लेबलाइतकी भरवशाची खूण नाही. हेसल ऑडिओचे उदाहरण घ्यावे. बेन यूएफओ, पँजिआ आणि पिअर्सन साउंड या तिघांनी २००७ मध्ये ते सुरू केले. ते फार थोड्या रेकॉर्ड काढतात, पण काढतात तेव्हा ठेक्याच्या रचनेत काहीतरी नवे असतेच. पँजिआचा २०२३ चा 'चेंजिंग चॅनल्स' हा अल्बम याच लेबलावरचा; एरवी काटेकोर आणि कोरडे समजले जाणारे हे संगीत किती मोकळे, गाते आणि उजळ होऊ शकते हे त्यात दिसते. पहिला अल्बम म्हणून मी तो निःसंकोच सुचवतो.

ब्रिस्टलकडे वळले की लिव्हिटी साउंड, टाइमडान्स आणि टेक्टॉनिक ही तीन नावे लिहून ठेवावीत. टेक्टॉनिक हे पिंच यांनी २००५ मध्ये सुरू केलेले डबस्टेपचे लेबल. लिव्हिटी साउंड २०११ पासून पेव्हरेलिस्ट यांच्या पुढाकाराने चालते, आणि टाइमडान्स बातू यांनी २०१५ मध्ये उभे केले. या तिघांचा क्रम लावून ऐकला की एकाच शहरात जड, संथ खर्जापासून वेगवान, तुटक तालापर्यंतचा प्रवास कसा झाला हे सलग कळते. लंडनमध्ये कोड९ यांचे हायपरडब २००४ पासून चालू आहे. बेरिअल या निर्मात्याचे २००६ आणि २००७ चे दोन्ही अल्बम तिथलेच. जलद ठेक्याची आवड असेल तर शेरेल आणि नायना यांनी २०२० मध्ये सुरू केलेले हूव्हरसाउंड पाहावे. ब्रिटनबाहेरचे म्युनिकचे इलियन टेपही या यादीत बसते, कारण स्की मास्कचा २०१८ चा 'कॉम्प्रो' हा अल्बम ब्रेकबीटच्या मृदू, धुकट बाजूचा उत्तम नमुना आहे.

पाच लेबले निवडावीत, अधिक नकोत. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावरच्या प्रत्येकाच्या पानावर 'फॉलो' करून ठेवले की नवी रेकॉर्ड आल्याची सूचना ईमेलने येते. मग त्या लेबलाच्या जुन्या रेकॉर्ड उलट्या क्रमाने ऐकत जावे. प्रत्येक रेकॉर्डला लेबलाच्या आद्याक्षरांसह अनुक्रमांक दिलेला असतो, त्यामुळे हा क्रम लावणे अवघड नाही. रीमिक्स कोणी केले आणि मास्टरिंग कोणी केले हे पानाच्या तळाशी लिहिलेले असते. तेही वाचावे, कारण पुढचे ओळखीचे नाव अनेकदा तिथूनच मिळते.

पाचवी पायरी: रेडिओवरून डीजेचा कान समजून घ्यावा

सुटा ट्रॅक हा अर्धाच असतो; तो दुसऱ्या ट्रॅकमध्ये कसा मिसळला जातो हे ऐकल्यावर त्याचा अर्थ पूर्ण होतो. लंडनचे रिन्स एफएम १९९४ मध्ये विनापरवाना सुरू झाले, गराज, ग्राइम आणि डबस्टेप या तिन्ही प्रवाहांना त्याने हात दिला आणि २०१० मध्ये त्याला अधिकृत परवाना मिळाला. एनटीएस हे दुसरे स्टेशन २०११ पासून पूर्व लंडनमधून चालते. दोन्हींचे कार्यक्रम इंटरनेटवर साठवलेले असतात, आणि ते बरेच झाले, कारण लंडनमधला रात्री नऊचा कार्यक्रम भारतात उन्हाळ्यात दीड वाजता आणि हिवाळ्यात अडीच वाजता लागतो.

दोन तासांच्या कार्यक्रमातला एखादा ट्रॅक मनात भरला तर त्याची वेळ टिपून ठेवावी आणि मग गाण्यांची यादी पाहावी. यादीत नाव सापडलेच नाही तर निराश होऊ नये. या क्षेत्रात अप्रकाशित ट्रॅक महिनोन्महिने निवडक डीजेंच्या हातीच फिरत राहतो. पूर्वी त्यासाठी ॲसिटेटची एकच डबप्लेट कापून घेतली जाई, जी काही डझन वेळा वाजवल्यावर झिजून जात असे, आणि आता ती फाइल असते. गर्दीचा प्रतिसाद पाहून निर्माता त्यात बदल करतो आणि नंतरच रेकॉर्ड निघते.

सहावी पायरी: विकत घ्यावे, आणि नीट घ्यावे

महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढावी. दोन रेकॉर्डपुरती असली तरी चालेल. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीतला १५ टक्के वाटा संकेतस्थळ घेते आणि पैसे भरण्याच्या सेवेचे शुल्क वजा जाता उरलेले लेबलाकडे किंवा कलाकाराकडे जातात. २० मार्च २०२० पासून 'बँडकॅम्प फ्रायडे' सुरू झाला. त्या दिवशी संकेतस्थळ आपला वाटा सोडते. तो प्रत्येक महिन्यात असतोच असे नाही, आणि तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेळेने चालतो, म्हणजे भारतात शुक्रवारी दुपारी साडेबारा किंवा दीडपासून शनिवारच्या त्याच वेळेपर्यंत. भारतीय कार्ड वापरायचे तर त्यावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात.

एकदा पैसे भरले की हव्या त्या स्वरूपात फाइल उतरवून घेता येते. नुसते ऐकायचे असेल तर फ्लॅक घ्यावी. आवाजात काही गळत नाही आणि जागा वेव्हपेक्षा कमी लागते. पुढे डीजे व्हायचा विचार असेल तर एआयएफएफ बरी, कारण तिच्यात गाण्याचे नाव, लेबल, वर्ष ही माहिती नीट टिकते. सहा मिनिटांची वेव्ह सुमारे ६० एमबीची होते. बँडकॅम्पवर खरेदीआधी ऐकू येणारा नमुना १२८ केबीपीएसचा एमपी थ्री असतो. त्यावरून थाळीच्या किंवा बेसच्या पोताविषयी मत बनवू नये.

बारा इंची रेकॉर्डचा मोह अनेकांना होतो आणि तो समजण्यासारखा आहे. बाजूला एकच ट्रॅक, वेग मिनिटाला ४५ फेरे, त्यामुळे खाचा रुंद कापता येतात आणि खालचा आवाज दमदार बसतो. पण ब्रिटनमधून भारतात मागवताना टपालखर्च रेकॉर्डच्या किमतीएवढा होऊ शकतो आणि वर सीमाशुल्क भरावे लागू शकते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी श्रोत्यांना मात्र ही अडचण नाही. त्यांनी जवळचे रेकॉर्डचे दुकान गाठावे आणि काउंटरमागच्या माणसाला 'या आठवड्यात काय आले?' असे सरळ विचारावे. याच क्षेत्रातले अनेक निर्माते कधी ना कधी त्या काउंटरमागे उभे राहिलेले आहेत. क्रॉयडनच्या 'बिग ॲपल रेकॉर्ड्स' या दुकानाभोवती तर डबस्टेपची पहिली पिढीच जमली होती.

सातवी पायरी: नव्यासोबत एक जुनी रेकॉर्ड ऐकावी

दर नव्या खरेदीमागे एक जुनी, तिच्या कुळातली रेकॉर्ड शोधावी. ओव्हरमोनोचा २०२३ चा 'गुड लाइज' ऐकला असेल तर मागे जाऊन टेसेला या नावाने निघालेली २०१३ ची 'हॅकनी पॅरट' ऐकावी. टेसेला म्हणजे ओव्हरमोनोतल्या दोन भावांपैकी एक, एड रसेल. आधीचा ट्रॅक ब्रेकला अक्षरशः चेचतो, दहा वर्षांनंतरचा अल्बम त्याच ब्रेकवर गळ्याचे कापलेले सूर अलगद ठेवतो. दोन्ही पाठोपाठ ऐकल्यावर 'गुड लाइज'मधला गोडवा कशातून कमावला आहे हे कळते.

भारतीय श्रोत्याने या मागच्या वाटेवर लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमधल्या 'ब्लू नोट' क्लबपाशी थांबावे. १९९० च्या दशकाच्या मध्यात तिथे रविवारी मेटलहेड्झ या लेबलाची ड्रम अँड बेसची बैठक भरे, आणि त्याच ठिकाणी सोमवारी तबलावादक तल्विन सिंग यांची 'अनोखा' ही रात्र रंगत असे. १९९७ मध्ये 'अनोखा'चा संग्रह प्रसिद्ध झाला. तबला आणि ब्रेकबीट एकमेकांसमोर बसवण्याचा तो प्रयत्न आजही ताजा वाटतो. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई तरुणांनी २०२० मध्ये उभा केलेला 'डेटायमर्स' हा समूह त्याच धाग्याचे पुढचे टोक धरून आहे, आणि त्यांच्या डीजेंचे मिक्स नव्या श्रोत्याला गराज व जंगलकडे नेणारी चांगली वाट ठरतात.

आठवी पायरी: दोन ट्रॅक मिसळून पाहावेत

डीजे होण्याची इच्छा नसली तरी एखाद्या विनामूल्य सॉफ्टवेअरवर हे करून पाहावे, कारण ऐकणे त्याने फार सुधारते. १३० बीपीएमच्या ट्रॅकची पहिली ३२ आवर्तने म्हणजे जवळजवळ एक मिनिट. तेवढ्या वेळात आधीचा ट्रॅक उतरवायचा आणि नवा चढवायचा असतो. ब्रेकबीटमध्ये किक दर मात्रेवर नसते, म्हणून ती जुळवण्याच्या मागे लागू नये. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअर धरावा. सॉफ्टवेअर अशा ठेक्याची पहिली मात्रा बऱ्याचदा चुकीच्या जागी लावते, ती हाताने सरकवावी. आणि एका वेळी एकाच ट्रॅकचा खर्ज उघडा ठेवावा, कारण दोन बेस एकमेकांवर आले की दोन्ही गढूळ होतात.

शेवटची पायरी: मोठ्या स्पीकरसमोर उभे राहावे

मुंबई, पुणे किंवा गोव्यात असा कार्यक्रम असेल तर त्याच्या जाहिरातीत डीजेच्या नावाइतकेच साउंड सिस्टिमचे वर्णन वाचावे. स्वतंत्र सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारे स्पीकर) आहेत की नाहीत हे आयोजकांना विचारण्यात गैर काही नाही. आत गेल्यावर स्पीकरला खेटून उभे न राहता खोलीच्या मध्याकडे, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर जागा घ्यावी. क्लबमध्ये आवाज १०० डेसिबलपर्यंत सहज जातो. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या निकषाप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरले जातात आणि दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. म्हणून संगीतासाठी बनवलेले, सर्व स्वर सारखेच कमी करणारे कानातले बोळे सोबत न्यावेत आणि आत शिरण्यापूर्वीच घालावेत. फोमचे साधे बोळे वरची थाळी अधिक दाबतात आणि आवाज कोंदट करतात, तरी काहीच न घालण्यापेक्षा ते बरे. खर्ज बोळ्यांतूनही छातीत जाणवतोच.